शब्द घरात, वस्तू काचेआड : प्रादेशिक संस्कृतीच्या संग्रहालयांतील कुटुंब-दालनांविषयी प्रस्तावना

वापरातून गेलेल्या वस्तूंची नावे भाषेतून लगेच जात नाहीत. मराठी बोलण्यात माणसे आजही ‘पायलीचे पन्नास’ मिळतात, कोणाचे तरी ‘उखळ पांढरे’ होत असते, आडात नसलेले पोहऱ्यात येत नाही, आणि जात्यातल्यांची गत पाहून सुपातल्यांनी हसू नये हा उपदेशही घरोघरी चालू असतो. परंतु हे बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या शहरी घरात पायली, उखळ, पोहरा किंवा जाते यांपैकी एकही वस्तू बहुधा नसते, आणि सूप असलेच तर ते लग्नघरात घाणा भरण्यापुरते माळ्यावरून खाली येते. शब्द घरात राहिले आणि वस्तू संग्रहालयात गेल्या, अशी ही वाटणी गेल्या साठसत्तर वर्षांत फारशी कोणाच्या लक्षात न येता झाली. घरातले मूल शब्द ऐकते पण वस्तू पाहत नाही. संग्रहालयात गेल्यावर ते वस्तू पाहते, पण तेथे ती काचेआड असते, तिच्याखाली नाव, धातू आणि शतक एवढेच लिहिलेले असते, आणि बोलण्यातल्या त्या शब्दाशी तिची गाठ घालून देणारे कोणी जवळ असतेच असे नाही. ही गाठ घालून देण्यासाठी संग्रहालयाच्या आत निराळी जागा असावी काय, असल्यास ती कशी असावी, आणि तिच्यात कुटुंबाचे, विशेषतः वडीलधाऱ्या माणसांचे, स्थान कोणते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

आरंभी काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘प्रादेशिक संस्कृतीचे संग्रहालय’ म्हणजे एखाद्या प्रदेशातील लोकांचे राहणे, रांधणे, नेसणे, पिकवणे, पूजणे आणि खेळणे ज्या वस्तूंतून घडले त्या वस्तूंचा अभ्यासपूर्वक केलेला संग्रह. राजांची शस्त्रे, शिलालेख वा शिल्पे अशा संग्रहात असू शकतात, पण त्याचा कणा रोजच्या वापरातल्या जिनसांचा असतो. अशा संग्रहालयात मुलांनी आणि मोठ्यांनी मिळून वस्तू हाती घ्याव्यात, चालवून पाहाव्यात आणि त्यांच्याविषयी आपसांत बोलावे यासाठी राखलेल्या जागेला येथे ‘कुटुंब-दालन’ म्हटले आहे. या दालनात वापरायच्या वस्तू मूळ संग्रहातून काढलेल्या नसतात. त्यांचा ‘हाताळणी-संच’ वेगळा असतो. ज्या वस्तू अनेक प्रतींत उपलब्ध आहेत, ज्या आजही कारागीर घडवतात, किंवा ज्यांची प्रतिकृती मुळाच्याच साहित्यात करता येते, अशा वस्तू त्या संचात येतात, आणि झिजणे, तुटणे, बदलणे हे त्यांच्या बाबतीत गृहीतच धरलेले असते. कुटुंब-दालन आणि मुलांचा खेळकोपरा यांतला भेदही ध्यानात घ्यावा लागतो. मोठ्यांना संग्रहालय निवांतपणे पाहता यावे म्हणून खेळकोपरा मुलांना गुंतवून ठेवतो, म्हणजेच कुटुंबाला दोन भागांत तोडतो. कुटुंब-दालनाचे सारे प्रयोजनच ते दोन भाग एका वस्तूभोवती बसवण्याचे आहे.

वस्तूला हात लावू न देण्याचा संग्रहालयांचा नियम हा हट्ट किंवा अविश्वास नव्हे, हेही येथेच नमूद केले पाहिजे. हाताच्या घामातील क्षार आणि आम्ले तांबे, पितळ आणि चांदी यांवर परिणाम करतात, बोटाचा ठसा काही काळाने धातूवर डाग होऊन उमटतो, जुन्या वस्त्राचा धागा नुसत्या स्पर्शानेही तुटतो, आणि दररोज शेकडो हात लागले तर दगडही गुळगुळीत होतो. जतन म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या पाहण्याचा हक्क राखणे, आणि त्या हक्कासाठी आजच्या पिढीला हात आवरावे लागतात. तथापि या नियमाची किंमत सर्व वस्तूंच्या बाबतीत सारखी नसते. चित्र पाहण्यासाठीच काढलेले असते, त्यामुळे काचेआड गेल्याने त्याचे फारसे काही हरवत नाही. अडकित्ता मात्र कातरण्यासाठी, सूप पाखडण्यासाठी आणि वज्री, म्हणजे अंघोळीच्या वेळी पायांच्या टाचा घासण्याचे खरखरीत तळाचे साधन, घासण्यासाठी घडवलेले असते, आणि त्यांच्या आकाराचा अर्थ डोळ्यांपेक्षा हाताला अधिक कळतो. प्रादेशिक संस्कृतीच्या संग्रहालयाची अडचण नेमकी ही आहे की त्याच्या संग्रहातील बहुतेक वस्तू या दुसऱ्या वर्गातल्या आहेत.

या अडचणीवरचे उपाय जगात सव्वाशे वर्षांपासून शोधले जात आहेत. स्वीडनमध्ये आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ साली स्टॉकहोम येथे ‘स्कान्सेन’ हे उघड्यावरचे संग्रहालय सुरू केले. उद्योगीकरणात नाहीशी होत चाललेली निरनिराळ्या प्रांतांतील घरे तेथे आणून उभी केली आणि त्या घरांत काम करणारी माणसेही बसवली, जेणेकरून चूल पाहणाऱ्याला चुलीवर काय शिजते तेही दिसावे. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे १८९९ साली केवळ मुलांसाठी असे पहिले संग्रहालय निघाले. बालसंगोपनावरील पुस्तकासाठी जगभर ओळखले गेलेले डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे चिरंजीव मायकेल स्पॉक हे १९६२ साली बॉस्टनच्या बाल-संग्रहालयाचे संचालक झाले, आणि त्यांनी कपाटांतील वस्तू बाहेर काढून मुलांच्या हाती देण्याची रीत रूढ केली. पुढे १९६९ साली भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे ‘एक्सप्लोरेटोरियम’ स्थापन केले, आणि प्रयोग स्वतः करून पाहण्याच्या दालनांची लाट तेथून जगभरच्या विज्ञान-केंद्रांत पसरली.

हा इतिहास परदेशातून आणलेले कलम म्हणून वाचला तर मात्र महाराष्ट्रावर अन्याय होईल. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला बालशिक्षणाचे काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९४५ पासून बोर्डी येथे व नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून खडे, बिया, शिंपले आणि पाने यांना शिक्षणसाहित्याचा दर्जा दिला. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार. अंगणात मूल एकटे नसते, आजी असते, धाकटे भावंड असते, काम करणारी आई असते, म्हणून अंगणातले शिक्षण आपोआप कुटुंबाचे शिक्षण होते. वर्ध्याला मगनवाडीत ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. मगनलाल गांधी यांच्या स्मृत्यर्थ उभारलेल्या आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या ग्रामोद्योग-चळवळीशी जोडलेल्या या संग्रहालयात चरखा, घाणी, हातकागद यांकडे पाहण्याची दृष्टी गतकाळाच्या अवशेषांची नव्हती. उद्या वापरायच्या साधनांची होती. त्याच वर्ध्यात १९३७ च्या शिक्षण-परिषदेतून पुढे आलेल्या ‘नयी तालीम’च्या मुळाशीही हाताने करावयाचे काम हेच ज्ञानाचे प्रवेशद्वार आहे, अशी धारणा होती.

संस्थांच्या पलीकडे, घरांतही ही परंपरा होती आणि आहे. भातुकली म्हणजे संसारातील भांड्यांच्या लहान आकाराच्या, पण घाटाने अचूक अशा प्रतींशी खेळणे. संग्रहालयशास्त्राच्या भाषेत तो पूर्ण हाताळणी-संचच होय, कारण पाटा-वरवंटा, चूल, घंगाळ, परात यांची नावे, जागा आणि उपयोग मुलांना त्यातून कळत असत. दिवाळीत पुण्याच्या वाड्यांत आणि आता सोसायट्यांच्या आवारांत उभे राहणारे मातीचे किल्ले हे याचे दुसरे उदाहरण. दगडविटांचा ढीग, त्यावर गोणपाट, वर चिखलाचा थर, बुरूज, तटबंदी, टाके, हिरवळीसाठी पेरलेली मोहरी वा अळीव, आणि कुंभाराकडून आणलेले मावळे या साऱ्यात थोरला दादा, धाकटी बहीण, सुट्टीवरचे बाबा आणि गॅलरीतून सूचना करणारे आजोबा अशा तीन पिढ्या गुंतलेल्या असतात. पेरलेले अळीव किती दिवसांत उगवते, उतार किती ठेवला म्हणजे माती ढासळत नाही, माची आणि बालेकिल्ला यांत फरक काय, हे कोणी धडा म्हणून शिकवत नाही, तरी शिकले जाते. कुटुंब-दालनाची कल्पना मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही ते यामुळे.

पुणे शहर या विषयाच्या अभ्यासासाठी विशेष सोयीचे आहे, कारण त्याला लागणारे सगळे घटक येथे सुटे सुटे उपलब्ध आहेत. शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळच्या नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास वस्तू गोळा करण्यास आरंभ केला, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव या संग्रहाला दिले आणि १९६२ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सुपूर्द केला. आज वीस हजारांहून अधिक वस्तूंच्या या संग्रहातील सुमारे अडीच हजार वस्तू मांडलेल्या आहेत. दिवे, अडकित्ते, वज्र्या, कुलुपे, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये, गंजिफा, कोरीव दरवाजे अशा जिनसांतून अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील घरगुती जीवन तेथे उभे राहते, आणि कोथरूडच्या वाड्यातून आणून पुन्हा मांडलेला मस्तानी महालही तेथेच पाहावयास मिळतो. कँपाजवळच्या क्वीन्स गार्डन परिसरात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आहे, जेथे वारली, कातकरी, महादेव कोळी, गोंड, कोलाम आदी समाजांची घरे, अवजारे, मुखवटे व अलंकार जतन केले आहेत. सारसबागेजवळ गरवारे बालभवन आहे, जेथे शोभा भागवत यांच्या प्रेरणेने मुलांच्या मुक्त खेळाचे आणि पालकांच्या शिक्षणाचे काम दीर्घकाळ झाले. पुणे विद्यापीठाच्या परिसरात आयुका या खगोलशास्त्र-संशोधन संस्थेची ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ आहे. अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे आगकाड्या, स्ट्रॉ, सायकलच्या ट्यूबचे तुकडे अशा टाकाऊ साहित्यातून विज्ञानाची खेळणी करून दाखवली.

म्हणजे वस्तूंचा संग्रह एका ठिकाणी, मुलांना मोकळे सोडण्याचा अनुभव दुसऱ्या ठिकाणी आणि हाताने शिकण्याची पद्धत तिसऱ्या ठिकाणी, अशी ही विभागणी आहे. विज्ञानाच्या बाबतीत पुण्याने जे साधले ते संस्कृतीच्या बाबतीत अजून साधावयाचे आहे. राज्यात या दिशेने पावले पडली आहेत: मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधून फिरते संग्रहालय शाळांपर्यंत आणि गावांपर्यंत नेले आणि २०१९ साली आपल्या आवारात बाल-संग्रहालय उघडले; भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने नूतनीकरणानंतर मुलांच्या कार्यशाळा नियमित केल्या. तथापि शाळेच्या सहलीने संग्रहालय पाहणे आणि कुटुंबाने ते पाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सहलीत मुले रांगेत असतात आणि सांगणारा एकच असतो. कुटुंबात वये वेगवेगळी, आठवणी वेगवेगळ्या आणि पुढे सरकण्याची घाई बरीच कमी असते. येथील मुख्य प्रतिपादन या फरकावर उभे आहे.

ते प्रतिपादन एका साध्या हाताळणी-संचाच्या आधारे अधिक स्पष्ट करता येईल. दशमान पद्धतीची वजने-मापे भारतात १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्याआधी, आणि खेड्यांत त्यानंतरही बराच काळ, धान्य मापाने मोजले जाई. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली, अशी दुपटीने चढत जाणारी ही साखळी आहे. पायलीच्या वर मण आणि वीस मणांची खंडी, पण एका मणात पायल्या किती, हे प्रदेशागणिक बदलत असे. ही पाच मापे, एक परात आणि दोनतीन प्रकारचे धान्य एवढेच साहित्य मांडले तर काय घडते ते पाहावे. सहा वर्षांचे मूल ज्वारी ओतून पायली भरण्यास किती चिपटी लागतात ते मोजते आणि सोळापर्यंत पोचते; दहा वर्षांच्या मुलाला दुपटीचा नियम सापडतो; आणखी मोठ्या मुलाला पायलीभर ज्वारी व पायलीभर चुरमुरे तराजूत घालून माप आणि वजन या दोन वेगळ्या कल्पना आहेत हे कळते. एवढ्यावर हा गणिताचा पाठ झाला. मग आजोबा माप हाती घेऊन धान्य काठाच्या वर रचतात, आणि त्या निमुळत्या ढिगाला ‘शीग’ म्हणतात हे सांगतात. घेताना शीग लावून घ्यायचे आणि देताना मापाच्या काठाशी हात सपाट फिरवायचा, ही लबाडी कोण कोणाशी करी हेही त्यांना ठाऊक असते. तेथे गणिताच्या पाठाचे समाजशास्त्र होते, ‘शिगोशीग’ या शब्दाला आकार येतो, आणि ‘पायलीचे पन्नास’ म्हणजे इतके स्वस्त की एका मापात पन्नास, हा वाक्प्रचार हसत हसत उलगडतो. संग्रहालयाच्या पाटीवर यांतले पहिले, मापांच्या साखळीचे, वाक्य लिहिता येते. दुसरे, शिगेचे, लिहिले तरी त्याला हात नसतात.

जात्याचे उदाहरण आणखी गहन आहे. खालची तळी स्थिर, वरची फिरती, मधोमध खिळा, कडेला लाकडी खुंटा आणि वरच्या तळीच्या तोंडात मुठीने घालावयाची धान्याची वैरण, एवढी त्याची रचना. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून पुन्हा खरखरीत करावे लागे. चित्रात पाहिल्यास हे यंत्र एका माणसाचे वाटते. प्रत्यक्ष ओढून पाहिल्यावर ध्यानात येते की समोरासमोर बसून दोघींनी ओढले तरच ते बऱ्या वेगाने फिरते, एकीचे ओढणे संपते तेथे दुसरीचे सुरू व्हावे लागते, आणि श्वासाला ताल लागल्याखेरीज हात थकतात. जात्यावरच्या ओव्या या तालातून आल्या. हेमा राईरकर आणि गी पोइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्या आता वाचता येतात आणि अनेक ऐकताही येतात. परंतु ओवीचा चरण जेथे वळतो तेथेच का वळतो, याचे उत्तर कागदावर पुरतेपणी मिळत नाही. कुटुंब-दालनात जाते फिरवणाऱ्या मुलीला ते पाचसहा फेऱ्यांत मिळते, आणि समोर बसलेल्या आजीला ओवी आठवली तर त्या क्षणी संग्रहालयापाशी असे काही जमा होते जे त्याच्या नोंदवहीत आधी नव्हते.

या ठिकाणी बिबवेवाडीचा विचार उपयुक्त ठरतो. एकेकाळचे शहराबाहेरचे हे गाव आज पुणे महापालिकेचे दाट वस्तीचे उपनगर आहे. उत्तरेस गुलटेकडीचा मार्केट यार्ड, पश्चिमेस पर्वती-तळजईच्या टेकड्या, मध्ये जुने गावठाण, त्याभोवती सोसायट्या आणि बंगले, आणि ज्याला सगळे नुसतेच ‘अप्पर’ म्हणतात तो इंदिरानगरचा चढावरचा भाग. घाऊक बाजाराच्या सान्निध्यामुळे येथे व्यापारी, अडते, टेंपोचालक, हमाल, तोलणार अशा व्यवसायांची घरे आहेत. कोणाची मुळे सातारा-सोलापुराकडची, कोणाची मराठवाड्यातली वा कोकणातली, कोणाची गुजरात, राजस्थान किंवा कर्नाटकातली. नातूबागेतले संग्रहालय येथून स्वारगेटमार्गे चारपाच किलोमीटरवर आहे. अंतर अर्ध्या तासाचे, पण अशा घरांतील आजी तेथे पाहुणी म्हणून जाते, जाणकार म्हणून नव्हे. वस्तुतः संग्रहालयातील अभिरक्षकाने, म्हणजे संग्रहाची निगा आणि मांडणी पाहणाऱ्या अभ्यासकाने, ज्या वस्तू कपाटात प्रथम पाहिल्या त्यांतल्या कितीतरी तिने वर्षानुवर्षे वापरलेल्या असतात. बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीच्या सभासदाला पोत्याचे वजन पाठीवर कसे बसते आणि हूक कोठे अडकवला म्हणजे गोणपाट फाटत नाही हे जसे कळते, तसे ते कोणत्याही ग्रंथकाराला कळणार नाही.

अशा कुटुंबांना एका वस्तूभोवती बसवले की तिची नावे पुढे येऊ लागतात. भाजी चिरण्याच्या ज्या साधनाला पुण्याच्या घरात विळी म्हणतात त्याला गोव्याच्या कोकणीत आदोळी म्हणतात. देशावरच्या घरात ज्वारी-बाजरीचे पीठ मळण्यास लाकडी काठवट लागे, तर कोकणातल्या घराला तांदूळ धुण्याची वेताची रोवळी आणि नारळाची खवणी हवी. रोवळी देशावरच्या मुलाला अनोळखी, काठवट कोकणातल्या मुलाला. दोन्ही बिबवेवाडीच्या एकाच इमारतीतल्या दोन मजल्यांवर ओळखीच्या असू शकतात. प्रदेश ही नकाशावर रंगवलेली सीमा असून संस्कृती तिच्या आत साठवलेली असते, ही समजूत अशा वेळी सैल होते, आणि जेथे हवामान, पीक आणि भांडे यांचे नाते बदलते तेथे प्रदेश बदलतो, हे मुलांना नकाशाशिवाय दिसते. गोव्यात बाणावली येथे व्हिक्टर ह्युगो गोम्स यांनी ‘गोवा चित्र’ संग्रहालयासाठी शेतीची आणि घरगुती कामाची हजारो अवजारे गोळा केली आहेत. तेथील आणि नातूबागेतील वस्तू शेजारी ठेवून पाहता आल्या तर साधर्म्य आणि भेद दोन्ही उठून दिसतील. हाताळणी-संचाला मूळ वस्तूच्या सुरक्षिततेची बंधने नसल्यामुळे असे शेजार तेथे सहज घडवता येतात.

दालनाची रचना ठरवताना यातून काही गोष्टी ओघाने येतात. बसण्याची सोय जमिनीवरही हवी आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी उंचावरही, कारण आजी उभीच राहिली तर मुलेही पाच मिनिटांत पुढे सरकतात. पाटीवर उत्तराआधी प्रश्न असावा, आणि तो मुलाने मोठ्यांना विचारावा असा असावा. ‘हे काय आहे’ यापेक्षा ‘तुमच्या घरी याला काय म्हणत’ हा प्रश्न अधिक दूर नेतो. दालनात एक सोबती असावा, ज्याचे काम माहिती सांगण्याचे कमी आणि ऐकून घेण्याचे अधिक असेल. शेवटी, एक शब्दवही असावी, जिच्यात येणाऱ्या कुटुंबांनी सांगितलेली नावे, उपयोग आणि गावे नोंदवली जातील. ही वही अभिप्रायांच्या वहीसारखी दाराशी ठेवून भागणार नाही, तिच्यातल्या नोंदी पडताळून मूळ संग्रहाच्या माहितीत भर घातली गेली तरच तिला अर्थ आहे.

या मार्गातले धोकेही तितकेच स्पष्टपणे मांडले पाहिजेत. पहिला धोका कष्टांचा खेळ होण्याचा. पहाटे उठून घरभराचे दळण दळणाऱ्या बाईला जाते रमणीय नव्हते. गिरणी आली तेव्हा तिने सुटकेचा श्वास टाकला, आणि मुलाने पाच मिनिटे हौसेने खुंटा फिरवला म्हणून त्याला ते आयुष्य कळले असे होत नाही. म्हणून दालनात पसाभर धान्य दळून झाल्यावर घरातल्या सर्वांच्या भाकरीसाठी असे किती पसे दळावे लागत, हा हिशेब मुलांकडूनच करून घेतला पाहिजे, आणि ते काम केवळ बायकांच्याच वाट्याला का आले हा प्रश्न त्या हिशेबाच्या शेजारी लिहिलेला असला पाहिजे. दुसरा धोका जातीविषयी मौन पाळण्याचा. गावगाड्यातील प्रत्येक वस्तूमागे कोणाचा तरी हात होता, आणि ते हात बलुत्याच्या व्यवस्थेत, म्हणजे कामाच्या बदल्यात सुगीला ठरावीक धान्य मिळण्याच्या वंशपरंपरागत व्यवस्थेत, मानाच्या आणि अवमानाच्या उतरंडीवर बसवलेले होते. चामड्याची मोट, केकताडाचा दोर, मातीचे मडके यांची नुसती कारागिरी दाखवून ती उतरंड लपवली तर संग्रहालय खोटे बोलेल; आणि ज्या कुटुंबांच्या पूर्वजांनी त्या वस्तू घडवल्या ती कुटुंबे दालनात आली तर ते खोटे सर्वांत आधी त्यांनाच कळेल. आदिवासी समाजांच्या वस्तूंबाबत तर कोणती वस्तू हाताळण्याची, कोणती केवळ पाहण्याची आणि कोणती मांडूच नये अशी, हे ठरवण्याचा अधिकार त्या समाजाचा आहे. पूजेचा मुखवटा मुलांनी तोंडाला लावून फोटो काढण्याची वस्तू होऊ नये.

तिसरा धोका अधिक साधा आणि अधिक संभवनीय आहे: दालन उघडले जाते, पहिल्या वर्षी गर्दी होते, मापे हरवतात, सुपाची कड उसवते, जात्याला टाकी लावणारा सापडत नाही, आणि मग ‘हात लावू नये’ची पाटी हाताळणी-संचावरही चढते. यावरचा उपाय कारागिरांशी कायमचा व्यवहार ठेवण्यात आहे. सूप विणणारा बुरूड, मडके घडवणारा कुंभार आणि दगडाला टाकी लावणारा पाथरवट यांना वर्षातून ठरलेल्या वेळी बोलावून, योग्य मोबदला देऊन, संच दुरुस्त करून घेतला आणि ती दुरुस्ती कुटुंबांच्या समोरच झाली, तर मोडणे हाही शिक्षणाचा भाग होतो. वस्तू जुनी होते, तुटते आणि सांधता येते, हे काचेआडच्या अखंड वस्तूंकडून शिकता येत नाही.

पुढील विवेचनात संग्रहाची निवड, हाताळणी-संचाची उभारणी, दालनाची मांडणी, सोबत्यांचे प्रशिक्षण आणि शब्दवहीचे संपादन हे विषय क्रमाने येतात. त्या सर्वांमागे एकच कसोटी धरलेली आहे: दालनातून बाहेर पडताना कुटुंबातील कोणी कोणाला काय सांगितले. मुलाने पायली भरून पाहिली, एवढ्याने दालन निम्मेच यशस्वी झाले असे म्हणावे लागेल; परतीच्या बसमध्ये, स्वारगेटहून अप्परकडे जाताना, आजोबांनी आपल्या गावी मणाच्या पायल्या किती धरत हे सांगितले, नातीने तो आकडा दालनात लिहिलेल्या आकड्याशी जुळत नाही असे म्हटले, आणि पुढच्या खेपेस दोघांनी मिळून तो शब्दवहीत दुरुस्त केला, तर उरलेले निम्मे काम झाले असे समजावे.